कदमराव, पदमराव आणि नजर कंधारकर: पात्राला नाव देण्याची दख्खनी रीत

माणसाला नाव देतात ते आईबाप, नाहीतर घरातली वडीलधारी मंडळी. ते निवडायचा हक्क त्याला स्वतःला मिळत नाही. पण आजकाल आमच्या शाळकरी पोरांना हा हक्क एका ठिकाणी मिळतो आणि तिथेच ती अडतात. ते ठिकाण म्हणजे काल्पनिक दुनियेतला ‘रोल-प्लेइंग’ खेळ.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चार-पाच जण वही, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात. त्यातला एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी तिरंदाज, कोणी जादूगार, कोणी चोर. सांगणारा म्हणतो, ‘पुढे दरी आहे, पूल तुटला आहे, काय करता?’ मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचे आणि जमले की नाही ते फाशाने ठरायचे. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा खेळ छापून विकायला काढला. आता तो मोबाइलवरही खेळतात, घरी टेबलाभोवतीही खेळतात आणि नांदेडमध्ये गच्चीवर सतरंजी टाकूनही खेळतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून नावाची अडचण माझ्याकडे आली. एका विद्यार्थ्याने आपले पात्र वहीवर लिहून आणले होते. पात्र हेर आहे. रात्री दिसते त्याला, किल्ल्याच्या भिंती चढतो, दुसऱ्याच्या छावणीतली बातमी काढून आणतो. सगळे छान लिहिले होते आणि वर नाव होते ‘शॅडो किलर’. मी विचारले, हे कुठले नाव? तो म्हणाला, “सर, अपने नामां वां जचते नै.” आपली नावे तिथे शोभत नाहीत. त्याच्या मित्राने खरे कारण सांगितले. ऑनलाइन खेळताना नावावरून धर्म कळला की काही जण खेळ सोडून शिव्याच देतात. म्हणून इंग्रजी नाव बरे. त्यात ना घर दिसते, ना गल्ली, ना मशीद.

पोराने सुरक्षिततेसाठी नाव झाकले तर त्याला दोष देता येणार नाही. पण ‘आपली नावे शोभत नाहीत’ हे वाक्य मला टोचले, कारण ते इतिहासाच्या दृष्टीने साफ चूक आहे. काल्पनिक पात्रांना नावे देण्याचा उद्योग आपल्या मुलखात सहाशे वर्षांपासून चालू आहे आणि तो इथल्या लोकांनी फार ऐटीत केला आहे.

खेळ करणाऱ्यांनी नावे कुठून घेतली

आधी त्या खेळाकडेच बघू. पोरांना वाटते की तिकडची नावे काहीतरी गूढ, प्राचीन असतात. प्रत्यक्षात गायगॅक्सच्या घरच्या खेळात एका पात्राचे नाव ‘मेल्फ’ पडले, ते त्याचा मुलगा खेळत असलेले पात्र. कागदावर पुरुष आणि एल्फ या दोन शब्दांसाठी इंग्रजीत ‘एम’ आणि ‘एल्फ’ असे लिहिले होते, तेच जोडून नाव झाले. ‘टेन्सर’ हे दुसऱ्या मुलाच्या अर्नेस्ट या नावाची अक्षरे उलटसुलट करून बनवलेले. ‘ड्रॉमिज’ म्हणजे जिम वॉर्ड हे मित्राचे नाव उलटे वाचलेले. म्हणजे घरातली, ओट्यावरची नावेच ती. पुढे पुस्तकात छापली गेली आणि जगभर गूढ वाटू लागली.

त्याआधी 1937 साली टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले. त्यातल्या बुटक्यांची नावे आणि गँडाल्फ हे नावसुद्धा त्यांनी उत्तर युरोपातल्या एका जुन्या नॉर्स काव्यातल्या नामावळीतून उचलले. आपल्या भाषेच्या नात्यातल्या जुन्या काव्याचे ते प्राध्यापक होते. घरची पेटी उघडली आणि नावे काढली.

आता याच खेळाचे 1977 साली निघालेले प्राण्या-राक्षसांचे पुस्तक उघडा. त्यात जिन्न आहे, इफ्रीत आहे, गूल आहे, रुख पक्षी आहे. भारतातून गेलेले नाग आणि राक्षसही आहेत. म्हणजे आपले शब्द त्या दुनियेत पन्नास वर्षांपासून राहतात, फक्त बहुतेक वेळा ते समोरच्या बाजूला उभे असतात, ज्यांच्याशी लढायचे त्यांच्या यादीत. नांदेडच्या पोराला आपली भाषा तिथे वैऱ्याच्या तोंडी भेटते. मग नायकाला नाव देताना ती त्याला कशी आठवणार?

बिदरचा नाग आणि राजा

उदगीरहून भालकीमार्गे बिदर फार लांब नाही. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण बहमनी काळात हा सगळा एकच मुलूख होता. 15 व्या शतकाच्या पूर्वार्धात, अहमद शाह वली बहमनीच्या काळाच्या आसपास, तिथे निजामी नावाच्या कवीने दख्खनी भाषेत एक मसनवी लिहिली. उर्दूची आज माहीत असलेली सर्वांत जुनी मसनवी म्हणून तिचे नाव घेतले जाते. हजाराहून थोडे जास्त शेर असलेली तिची अपुरी प्रत हाती आली आणि 1973 साली कराचीत डॉ. जमील जालिबी यांनी ती संपादून छापली. त्यातल्या दोन मुख्य पात्रांवरून ती ओळखली जाते: ‘कदमराव पदमराव’.

नावे पुन्हा वाचा. उर्दू साहित्याचा इतिहास ज्या काव्यापासून सुरू होतो, त्याचा नायक कदमराव आहे. कवी मुसलमान आहे, काव्याची सुरुवात अल्लाहच्या स्तुतीने आणि पैगंबरांच्या गौरवाने होते आणि मग गोष्ट सुरू होते ती ‘रावां’ची.

कदमराव राजा आहे. पदमराव त्याचा वजीर आहे आणि तो नाग आहे. अखरनाथ नावाचा जोगी दरबारात येतो, राजाला दुसऱ्याच्या देहात शिरण्याची विद्या शिकवतो आणि डाव साधून स्वतःच राजाच्या देहात शिरतो. राजाचा जीव पोपटात अडकतो. तोतया गादीवर बसतो आणि खरा राजा रानोमाळ उडत फिरतो. शेवटी पोपट आपल्या नाग-वजिराला गाठतो, खूण पटवतो, पदमराव तोतयाला डसतो आणि राजा आपल्या देहात परत येतो.

यात नावे कशी निवडली आहेत ते बघण्यासारखे आहे. पदम म्हणजे पद्म, आणि आपल्या परंपरेत पद्म, महापद्म ही नागांचीच नावे आहेत. नागाला शोभेल असेच नाव कवीने दिले, वर ‘राव’ लावून त्याला दरबारी केले. कदम हे कदंबाच्या झाडाचे नाव, आणि कदम आडनावाची घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. जोगी ‘नाथ’ आहे, कारण या मुलखात जोगी म्हटला की नाथपंथी असणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. अखर म्हणजे अक्षर, विद्या जाणणारा. दुसऱ्याच्या देहात शिरण्याची कल्पना तरी परकी कुठे होती? आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या माहूरशी नाते सांगणाऱ्या चांगदेव राऊळांनी हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला, असे महानुभाव परंपरा मानते. बिदरच्या कवीने ऐकणाऱ्यांच्या ओळखीची दुनिया घेतली आणि त्या दुनियेतलीच नावे दिली.

अमेरिकेच्या पुस्तकात नाग हा लढायचा प्राणी आहे. बिदरच्या काव्यात तो राज्य वाचवणारा वजीर आहे. आमच्या पोरांना दोन्ही माहीत असायला हवे.

गुण, ग्रह आणि हुनर

निजामीनंतर दोनशे वर्षांनी गोवळकोंड्याला मुल्ला वजही झाला. त्याने पात्रांना नावे देण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा करून दाखवल्या.

1609 साली त्याने ‘कुतुब मुश्तरी’ लिहिली. कुतुब म्हणजे ध्रुवतारा आणि तो गोवळकोंड्याचा शहजादाही. मुश्तरी म्हणजे गुरू ग्रह आणि ती नायिकाही. मग वजहीने सगळे आकाशच खाली उतरवले. मिर्रीख खान म्हणजे मंगळ, जोहरा म्हणजे शुक्र, महताब म्हणजे चंद्र. नायिकेचा पत्ता सांगणारा चित्रकार आहे उतारिद, म्हणजे बुध. फारसी कवितेत बुधाला आकाशाचा कारकून म्हणतात, लेखणी त्याच्याच हाती. म्हणून कुंचलाही त्यालाच दिला. एका गोष्टीतली सगळी नावे एकाच घरातली वाटली पाहिजेत, ही अक्कल वजहीला चारशे वर्षांपूर्वी होती.

1635 साली त्याने ‘सबरस’ हा गद्य ग्रंथ लिहिला. मूळ कल्पना फारसीतली, पण भाषा ठसठशीत दख्खनी. त्यात राजाचे नाव अक्ल, म्हणजे बुद्धी. त्याचा मुलगा दिल. दुसऱ्या बाजूला राजा इश्क आणि त्याची मुलगी हुस्न. दिलच्या ताब्यातला गड आहे ‘तन’, म्हणजे शरीर, आणि हुस्न राहते त्या शहराचे नाव ‘दीदार’. दिलच्या कानावर अमृताच्या पाण्याची, आब-ए-हयातची बातमी येते आणि ते शोधायला तो आपला हेर पाठवतो. त्या हेराचे नाव आहे नजर. वाटेत त्याला नामूस भेटतो, हिम्मत भेटतो, पुढे रकीब आडवा येतो. नाव ऐकले की पात्र काय करणार ते कळते, आणि तरीही पुढे काय होईल याची उत्सुकता टिकते, कारण अक्ल आणि इश्क यांची लढाई प्रत्येकाच्या घरची आहे.

त्यानंतर विजापूरचा नुसरती. त्याच्या 1657 सालच्या ‘गुलशन-ए-इश्क’चे नायक-नायिका मनोहर आणि मधुमालती आहेत. विजापूरच्या दरबारातला मुसलमान कवी परीकथा सांगतो आणि नायकाचे नाव मनोहर ठेवतो, यात त्या काळी कोणाला काही विशेष वाटले नसावे. पुढे सुमारे शंभर वर्षांनी त्याच काव्याची सुंदर चित्रे असलेली प्रत दख्खनमध्ये तयार झाली. ती आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे.

उत्तरेत लखनौच्या दास्तानगो मंडळींनी तिसरी तऱ्हा आणली. मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने 1883 पासून अमीर हमजाची दास्तान छापायला घेतली आणि ती वाढत वाढत 46 जाडजूड खंडांपर्यंत गेली. त्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मध्ये जादूचा बादशाह अफरासियाब आहे. हे नाव शाहनाम्यातल्या तुराणच्या राजाचे, म्हणजे इराणचा जुना वैरी. एका नावाने त्याचा दरारा उभा राहतो. पण मला सर्वांत आवडतात त्या त्याच्या पदरच्या हेर मुली, अय्यारा. सरसर शमशीरजन, सनोबर कमंदअंदाज, शमीमा नकबजन, तेजनिगाह खंजरजन. सरसर म्हणजे झंझावात, आणि ती तलवार चालवते. सनोबर फास टाकून भिंत चढते. शमीमा म्हणजे सुगंध, आणि ती घराला सुरुंग लावून आत शिरते. पहिला शब्द स्वभाव सांगतो, दुसरा हुनर. आजच्या खेळाच्या कागदावर पात्राचे नाव आणि पात्राचा प्रकार असे दोन रकाने असतात. या मुलींच्या नावात दोन्ही भरलेले आहेत.

हीच अय्यारी आणि हाच तिलिस्म देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’ कादंबरीत हिंदीत आणला. तिथे अय्यार झाले तेजसिंह आणि देवीसिंह, आणि खलनायक झाला क्रूरसिंह. माझ्या पिढीने 1994 मध्ये रविवारी दूरदर्शनवर हा क्रूरसिंह पाहिला आहे. त्याच्या नावातच त्याचा स्वभाव होता, आणि लहान मूलही त्याला ओळखत होते. दास्तानीतून कादंबरीत, कादंबरीतून टीव्हीवर, नाव देण्याची रीत मात्र तीच राहिली.

लकब: खऱ्या आयुष्यातली पात्रे

हे झाले कवितेतले. पण हैदराबाद संस्थानात आपले आजोबा-पणजोबा ज्यांच्या राज्यात राहिले, त्यांची नावे तरी काय होती? पहिल्या निजामाचे नाव मीर कमरुद्दीन. औरंगजेबाने त्यांना चिन किलिच खान केले. किलिच म्हणजे तुर्कीत तलवार. पुढच्या बादशाहांनी निजाम-उल-मुल्क केले आणि मग आसफ जाह. आसफ कोण? हजरत सुलेमान यांच्या दरबारातल्या वजिराचे हे नाव म्हणून किस्से-कहाण्यांत प्रसिद्ध आहे, ज्याच्या विद्येपुढे जिन्नही थक्क झाले. म्हणजे सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड, लातूर, औरंगाबाद ज्या घराण्याच्या ताब्यात होते, त्या घराण्याचे नावच एका गोष्टीतल्या वजिराचे होते.

संस्थानात किताबांच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या. खान बहादूर, मग जंग, मग दौला, मग मुल्क, उमरा आणि सर्वांत वर जाह. माणूस जसा चढेल तसे नाव लांब होत जाई. आमची पोरे खेळात ‘लेव्हल’ वाढली म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे? सालार जंग म्हणजे लढाईतला सरदार, हा मूळचा किताबच. आज लोक त्याला संग्रहालयाचे नाव म्हणून ओळखतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव दिले जाते, तसे लादलेही जाते. मलिक अंबरचे इथिओपियातले जन्माचे नाव चापू होते असे सांगतात. गुलाम म्हणून विकला गेल्यावर मालकाने त्याला ‘अंबर’ केले. अंबर हे सुगंधी द्रव्य. मलिक काफूरमधला काफूर म्हणजे कापूर. याकूत म्हणजे माणिक. गुलामांना अत्तर आणि रत्नांची नावे द्यायची रीत होती, कारण तेही विकत घ्यायच्या मौल्यवान वस्तूंतच मोजले जात. चापूचा अंबर झाला, पण पुढे त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, निजामशाही उभी ठेवली आणि 1626 मध्ये मेला तेव्हा ‘अंबर’ या शब्दाचा अर्थ दख्खनमध्ये बदललेला होता. नाव कोणीही दिले असो, त्याला वजन माणूस आणतो.

आणि स्वतःच्या हाताने घेतलेले नाव? त्याला आपण तखल्लुस म्हणतो. मिर्झा असदुल्लाह खान आधी ‘असद’ लिहीत. त्याच नावाचा आणखी एक शायर निघाला, म्हणून ‘गालिब’ झाले असे सांगतात. आमच्या पोरांच्या मोबाइलवर ‘हे नाव आधीच घेतलेले आहे’ असा संदेश येतो, तोच हा प्रसंग. वैजापूरला 1914 मध्ये जन्मलेले सिकंदर अली न्यायखात्यात नोकरीला होते, पण शायरीत ते ‘वज्द’ होते, म्हणजे भान हरपणे. दिवसा न्यायाची गादी आणि रात्री वज्द. मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी बहीण कुसुम हिच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ घेतले, रा. ग. गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ झाले. मोठ्या, शहाण्या माणसांनाही दुसरे नाव लागते. ते लपण्यासाठी नसते. रोजच्या नावाने जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी असते.

नावांची ये-जा

कोणी म्हणेल, हे दरबार आणि शायर झाले, गावात काय? गावात तर सरमिसळ आणखी जास्त आहे. मराठवाड्यात पिराजी नावाचा मराठा, धनगर किंवा मातंग माणूस सहज भेटतो. नाव पिराचे, नवसाने ठेवलेले. अण्णा भाऊ साठ्यांच्या 1959 सालच्या कादंबरीचा मातंग नायक ‘फकिरा’ आहे. दौलतराव, हैबतराव, साहेबराव, गुलाबराव यांत अर्धे नाव अरबी-फारसी आणि अर्धे मराठी. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा प्रसिद्ध आहे. उलट बाजूने पाहा: देशमुख, पाटील, इनामदार ही आडनावे लावणारी मुसलमान घरे आपल्या आसपास आहेत. शहा मुंतोजी बहमनी मराठीत ‘मृत्युंजय’ म्हणून लिहून गेले.

तेव्हा आज कोणी पोराला सांगत असेल की हे नाव आपले आणि ते नाव त्यांचे, तर त्याला हजेरीचे जुने रजिस्टर दाखवावे. दख्खनमध्ये नावे ओसरीवरून ओसरीवर जात-येत राहिली आहेत.

मग नाव ठरवायचे कसे

हा सगळा इतिहास मी त्या पोरांना एका तासात सांगितला नाही. त्यांना चार प्रश्न दिले, आणि ते या जुन्या पुस्तकांतूनच निघालेले आहेत.

पहिला, पात्र कुठले? आपल्याकडे गावाचे नाव माणसाला लावायच्या दोन सुंदर सोयी आहेत. मराठीत ‘कर’: उदगीरकर, औसेकर, देगलूरकर. उर्दूत शेवटची ‘ई’: औरंगाबादी, नांदेडी, उदगीरी. वली आणि सिराज यांनी औरंगाबादला असेच जगभर नेले.

दुसरा, ते काय करते? सरसर आणि सनोबरसारखे हुनर नावात येऊ द्या. तीरंदाज, नालबंद, अत्तार, मणियार, तांबोळी. ही आपली रोजची आडनावेही आहेत आणि गोष्टीतल्या पात्रांची उत्तम बिरुदेही.

तिसरा, नाव कोणी दिले? आईने, गुरूने, मालकाने, की त्याने स्वतः? याच्या उत्तरात अर्धी गोष्ट तयार होते. आईने ठेवलेले नाव टाकून देणारा हेर आणि मालकाने दिलेले नाव मोठे करणारा सरदार, ही दोन वेगळी माणसे आहेत.

चौथा, ते पुकारता येते का? लढाई चालू असताना मित्राला पाच अक्षरांपेक्षा जास्त ओरडता येत नाही. आमच्या गल्लीत अब्दुल रहीमचा रहीम्या होतो, तसे पात्राचेही होणार. हाक मारून बघा.

आणि एक अदब. पैगंबरांची, सहाबांची किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेतल्या देवांची नावे अशा पात्राला देऊ नयेत, जे खेळात चोरी करेल, खोटे बोलेल आणि फाशाचा आकडा चुकला की मरेल. कोणी विचारेल, मग दास्तानीत अमीर हमजा कसे? इतिहासातले हजरत हमजा इ. स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले. दास्तानीतला हमजा कोहकाफात परी-देवांशी लढत फिरतो. दास्तानगोंनी त्याचा मान सांभाळला, तरी यावर आलिमांनी कुरकुर केलीच. पोरांनी त्या वादात पडायचे कारण नाही. नावांचा खजिना एवढा मोठा आहे की ती नावे बाजूला ठेवली तरी काही कमी पडत नाही.

आठवडाभराने वही पुन्हा आली. ‘शॅडो किलर’ खोडलेले होते. त्याच्या हेराचे नवे नाव होते: नजर कंधारकर. नजर हा वजहीच्या ‘सबरस’मधला हेर, आणि कंधार हा आमच्याच जिल्ह्यातला, खंदकाचा किल्ला असलेला तालुका. लातूरचा एक मामेभाऊ त्याच्याबरोबर खेळतो. त्याने आपल्या नाग पाळणाऱ्या वैद्याचे नाव पदमराव औसेकर ठेवले. बाहेरच्या खेळाडूंना वाटते की कंधारकर अफगाणिस्तानातून आला आहे. तो त्यांना नकाशा पाठवतो, लेंडी आणि मन्याड कुठून वाहतात ते सांगतो. शिव्या थांबल्या का, हे मी विचारले. म्हणाला, “सर, एखाद-दोन लोकां बोलते अजून. बाकी पूछते, नजर म्हणजे काय?”

‘नजर म्हणजे काय’ हा प्रश्न शिवीपेक्षा लांब टिकतो. त्याला उत्तर द्यायचे तर पोराला वजही माहीत हवा, कंधार माहीत हवे, दख्खनी यायला हवी. एवढे आले की नाव झाकायची गरज थोडी कमी होते.

तुमच्या घरात अजून एखादी नानी, दादी किंवा फुफी असेल जी जिन्न, परी, राजा आणि वजिराच्या गोष्टी सांगते. तिच्या गोष्टीतल्या पात्रांची नावे या सुट्टीत वहीत उतरवून घ्या. गोष्ट पूर्ण आठवली नाही तरी चालेल, नावे लिहा. एखाद्या पोराला कधीतरी त्यांची गरज पडेल.